मुका कोण, बहिरा कोण?

‘मूकनायक’ हे नाव घेतले की ३१ जानेवारी १९२० ही तारीख आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. बाबासाहेबांनी ते पाक्षिक काढले तेव्हा अस्पृश्य माणसाला जीभ होती, शब्द होते, जात्यावरच्या ओव्या होत्या, जलशाची गाणी होती. नव्हता तो त्याचे ऐकून घेणारा समाज. म्हणजे त्या नावातला मूक हा रूपकातला मूक आहे. पुढे आपल्या साहित्याने हे रूपक उचलले आणि मुकेपणाला नकार देण्याची भाषा आपल्या व्यासपीठांवर रुळली. ते योग्यच झाले. पण रूपक फार वापरले की त्याच्यामागचा खरा माणूस दिसेनासा होतो. मला या लेखात रूपकातल्या मुक्याविषयी लिहायचे नाही. पेण आणि रोहा या तालुक्यांतील बौद्धवाड्यांत, कातकरीवाड्यांत, आगरी-कोळ्यांच्या गावांत जी माणसे खरोखरच ऐकू शकत नाहीत आणि ज्यांना सारा गाव ‘मुका’ आणि ‘मुकी’ याच नावाने हाक मारतो, त्यांच्याविषयी लिहायचे आहे. हाक मारतो हेही खरे नाही. हाक त्यांना ऐकूच जात नाही. ते नाव गाव आपापसात वापरतो.

मी पेणला शिक्षक आहे. गेली काही वर्षे सुट्टीच्या दिवशी या माणसांकडे जातो आणि त्यांच्याकडून त्यांची भाषा शिकतो. दिवा-रोहा गाडीने हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा अशी माझी फेरी असते. या फिरतीत जे दिसले आणि त्यानिमित्ताने जे वाचले त्यातून हे टिपण झाले आहे.

पहिली गोष्ट शब्दाची. जन्मतः बहिऱ्या माणसाचा घसा, जीभ, स्वरयंत्र बहुतेक वेळा धडधाकट असते. ऐकू येत नाही म्हणून बोली कानावर पडत नाही, आणि कानावर पडत नाही म्हणून ती तोंडात येत नाही. तेव्हा ‘मुका’ हा शब्द शरीरशास्त्रदृष्ट्याही चुकीचा आहे. सरकारने डिसेंबर २०१५ पासून ‘दिव्यांग’ हा शब्द रूढ केला. त्या शब्दाला अपंगांच्या चळवळीतील अनेकांनी तेव्हाच जाहीर विरोध केला होता. आपल्याला हा वाद परका वाटू नये. ‘हरिजन’ हा शब्दही वरून, प्रेमाने, देवाच्या नावाने देण्यात आला होता आणि आपण तो नाकारला. ज्याचे दुःख त्याने आपले नाव ठरवावे, एवढाच त्या नकाराचा अर्थ होता. जगभरचे बहिरे लोक स्वतःला सरळ बहिरे म्हणवतात आणि त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. म्हणून मीही हाच शब्द वापरतो.

आता धर्मशास्त्राकडे वळू. गौतम धर्मसूत्राच्या बाराव्या अध्यायात वेद मुद्दाम ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेले कथील किंवा लाख ओतावी अशी शिक्षा आहे. हे आपण भाषणांत नेहमी सांगतो. पण मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायातील २०१ वा श्लोक फारसा कुणी सांगत नाही. नपुंसक, पतित, जन्मांध, जन्मबधिर, वेडा, मतिमंद, मुका आणि ज्याचे एखादे इंद्रिय नाही अशा सर्वांना हा श्लोक वडिलार्जित मालमत्तेच्या वाट्यातून बाद करतो. पुढचाच श्लोक सांगतो की अशांना जन्मभर यथाशक्ती अन्नवस्त्र द्यावे. वाटा द्यायचा नाही, भाकरी द्यायची! येसकरपाळीची भाकरी ज्यांच्या घराण्यांनी मागून आणली त्यांना या दोन श्लोकांतली युक्ती समजावून सांगण्याची गरज नाही. हक्काच्या जागी दया ठेवली की मागणारा आयुष्यभर लाचार राहतो आणि देणारा पुण्यवान ठरतो.

२५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली गेली. ते महाड आपल्याच जिल्ह्यात आहे. त्या वेळी जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, १९८१ साली रायगड झाले. त्या आगीत नवव्या अध्यायातील हे दोन श्लोकही जळाले. त्यानंतरच्याच वर्षी, १९२८ चा बारावा कायदा म्हणून, हिंदू वारसाहक्कातील अपात्रता दूर करणारा कायदा आला आणि केवळ शारीरिक व्यंगामुळे वारसा नाकारता येणार नाही असे ठरले; जन्मतः वेडे वा मतिमंद असलेले मात्र त्याने बाहेरच ठेवले. महाडच्या घटनेतून हा कायदा निघाला असे मी म्हणत नाही. मात्र दोन्ही गोष्टी एकाच काळात घडल्या, हे नोंदवून ठेवावे. उरलेली अपात्रता १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमाने गेली. कागदावर गेली. पेणच्या आसपास जमिनीला भाव आल्यापासून बहिऱ्या भावाचा, बहिऱ्या बहिणीचा अंगठा हक्कसोडपत्रावर कसा उमटतो ते मी पाहिले आहे. अशा एका कागदावर अंगठा देणाऱ्या बाईला मी नंतर खुणांनी विचारले, तेव्हा तिने सांगितले की रेशनकार्डाचे काम आहे असे समजून ती गेली होती. तिच्याशी तिच्या भाषेत बोलणारे तिथे कुणी नव्हते. कागद मात्र मराठीत वाचून दाखवण्यात आला होता. बहिऱ्या बाईला वाचून दाखवला!

तेव्हा प्रश्न भाषेचा आहे, आणि तो जरा सविस्तर मांडला पाहिजे. कारण चांगली शिकलेली माणसेही ‘खाणाखुणा’ म्हणून तो उडवून लावतात.

दहातील नऊहून अधिक बहिरी मुले ऐकणाऱ्या आईबापांच्या पोटी जन्मतात. घरात दुसरे बहिरे कुणी नसते. मूल आणि आई मिळून काही खुणा बनवतात: भाकरी, पाणी, बाप, झोप, मार. यांना आपण घरखुणा म्हणू. त्यांवर दिवस निभावतो. पण ‘काल’, ‘कदाचित’, ‘का’, ‘माझा हक्क’ हे त्यांत सहसा बसत नाही. अशी मुले एकत्र आली की मात्र काहीतरी विलक्षण घडते. मध्य अमेरिकेतील निकाराग्वा देशात १९७० च्या दशकाअखेरीस राजधानी मानाग्वा येथे बहिऱ्या मुलांच्या शाळेत प्रथमच मोठ्या संख्येने मुले गोळा झाली. शिक्षक त्यांना ओठ वाचायला आणि बोलायला शिकवीत होते; ते फारसे साधले नाही. पण मधल्या सुट्टीत, मैदानावर, बसमध्ये मुलांनी आपापल्या घरखुणा एकमेकांना दिल्या आणि काही वर्षांत व्याकरण असलेली एक नवी भाषा उभी राहिली. धाकट्या मुलांनी ती थोरल्यांपेक्षा अधिक पक्की केली. भाषातज्ज्ञ आजही तिचा अभ्यास करतात. भाषा वरून कुणीतरी द्यावी लागते या समजुतीला इतका चोख छेद क्वचितच मिळाला असेल.

भारतातही शाळांच्या आणि वसतिगृहांच्या अंगणांत अशीच भाषा वाढली. मुंबईत १८८० च्या दशकात बहिऱ्या मुलांसाठी पहिली संस्था निघाली. पण त्याच दशकाच्या तोंडाशी, १८८० साली, इटलीतील मिलान शहरात बहिऱ्यांच्या शिक्षकांची एक परिषद भरली होती आणि तिने ठराव केला की शिक्षण तोंडी पद्धतीनेच द्यावे. ठरावावर मत देणारे जवळजवळ सर्वच ऐकणारे होते. पुढची शंभर वर्षे जगभरच्या शाळांत मुलांच्या हातांवर छड्या बसल्या, हात बांधले गेले, हातांवर बसायला लावले गेले. मुले वर्गात ओठ हलवीत आणि रात्री अंधुक उजेडात हातांनी बोलत. २०१० साली कॅनडातील व्हँकूव्हर येथे भरलेल्या त्याच परंपरेच्या परिषदेने मिलानचे ठराव फेटाळून खेद व्यक्त केला. एकशे तीस वर्षांनी. आपल्या बोलीला ‘अशुद्ध’ म्हणून वर्गात हसणारे गुरुजी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या छडीचा आवाज ओळखीचा वाटेल.

अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी १९६० साली दाखवून दिले की खुणांच्या भाषेलाही घटक आहेत, रचना आहे. आपल्याकडच्या खुणांवर १९७० च्या दशकात मदन वसिष्ठ आणि त्यांचे सहकारी यांनी दिल्ली, कलकत्ता, मुंबई, बंगलोर येथे काम केले. वसिष्ठ स्वतः बहिरे. हिमाचलमधल्या खेड्यात गुरे राखणारा मुलगा पुढे अमेरिकेत गॅलॉडेट विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्यांच्या अभ्यासातून दिसले की शहराशहरांत शब्द थोडे बदलतात, पण भाषा मूलतः एकच आहे. आज तिला भारतीय सांकेतिक भाषा म्हणतात. ती मराठीचे हातांनी केलेले भाषांतर नव्हे. ‘तू पेणला कधी येणार?’ हे वाक्य तिच्यात ‘तू, पेण, येणे, कधी’ असे होते. प्रश्नाचा शब्द शेवटी जातो. नकारही क्रियापदानंतर येतो. ‘आहे’ लागतच नाही. हो-नाहीचा प्रश्न असेल तर भुवया तो विचारतात, आणि म्हणून बहिऱ्या माणसाशी बोलताना मख्ख चेहरा ठेवणे म्हणजे अर्धे वाक्य गिळणे. पुरुषाची खूण मिशीवरून, बाईची नाकातल्या चमकीवरून. (चमकी न घालणाऱ्या बायांनी आणि सफाचट पुरुषांनी यावर वाद घालायला हरकत नाही, पण मराठीतले शब्दही असेच जुने संसार पाठीवर घेऊन हिंडतात.)

पेणला गणपतीचे कारखाने आहेत. हमरापूर, जोहे ही गावेच्या गावे या धंद्यावर जगतात. हे काम डोळ्यांचे आणि हातांचे आहे. शाडू मळणे, साचा भरणे, घासकाम, रंग आणि शेवटी डोळ्यांची आखणी. माझा एक बहिरा मित्र आखणी करतो. सीझनमध्ये रात्रंदिवस काम चालते, कंप्रेसरच्या आवाजात कुणालाच कुणाचे ऐकू येत नाही, आणि मग सारा कारखाना त्याच्या खुणा वापरतो. मूर्तीची उंची, रंग, ‘वाळली नाही’, ‘उद्या गाडी येणार’, सगळे हातांनी. म्हणजे गरज पडली की ऐकणाऱ्यांना ही भाषा दोन महिन्यांत येते! पण पगाराच्या दिवशी तीच माणसे तोंडाने बोलू लागतात. आखणीला त्याला इतरांपेक्षा कमी मिळते. कारण विचारले तर कारखानदार म्हणतो, तो कधी मागतच नाही. तो मागतो, मी पाहिले आहे. त्या वेळी मालकाची नजर खाली वहीत असते, आणि बहिऱ्या माणसाला गप्प करायला नजर फिरवणे पुरते.

रोह्याकडची गोष्ट वेगळी आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीत आणि एकूणच कारखान्यांत यंत्रांच्या गोंगाटाने तरुणपणी कान गेलेले कामगार भेटतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात आवाजाने येणारा बहिरेपणा कळवणे बंधनकारक अशा आजारांत धरला होता. ठेकेदारी मजुराच्या बाबतीत कळवणार कोण? हे लोक बोलू शकतात, सांकेतिक भाषेच्या जगात ते येत नाहीत, आणि ऐकणाऱ्यांच्या जगातून बाहेर पडलेले असतात. त्यांच्यावर स्वतंत्रपणे लिहावे लागेल.

बहिरेपण आणि जात यांचा संबंध आहे का? २०११ च्या जनगणनेत अपंगत्वाचे प्रमाण अनुसूचित जातींत २.४५ टक्के, अनुसूचित जमातींत २.०५ टक्के आणि उरलेल्या समाजात २.१८ टक्के निघाले. ऐकण्याचे अपंगत्व देशभर ५० लाखांवर व्यक्तींत नोंदले गेले. कारणे शोधायला लांब जावे लागत नाही. गरोदरपणातला रुबेला, अर्भकाची बिनउपचाराची कावीळ, मेंदूज्वर, वर्षानुवर्षे वाहणारा कान, क्षयावरची स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने; ही गरिबाच्या वस्तीत राहणारी कारणे आहेत. आदिवासींचा आकडा कमी आहे म्हणून तिथे बहिरेपण कमी, असा अर्थ मी लावणार नाही. ती मोजणी फेब्रुवारीत झाली, आणि फेब्रुवारीत आमच्याकडचे कातकरी कुटुंब वीटभट्टीवर असते.

सांकेतिक भाषेत प्रत्येकाला एक नामखूण मिळते. नावाची अक्षरे जुळवत न बसता गालावरचा तीळ, केसांची बट, एखादी लकब यांवरून ती पडते. तिच्यात आडनाव नसते. हे कळले तेव्हा मला आनंद झाला, पण त्यावरून बहिऱ्यांच्या जगात जात नाही असा निष्कर्ष कुणी काढू नये. लग्न जमवताना घरचे जात पाहतातच. तरीही मुंबईच्या लोकलमधल्या अपंगांच्या डब्यात बहिरी माणसे रोज ठरवून भेटतात, बातम्या, नोकऱ्या, भांडणे सगळे तिथे चालते. अ‍ॅनेलीस कुस्टर्स या स्वतः बहिऱ्या असलेल्या बेल्जियन अभ्यासिकेने त्यावर लिहिले आहे. पेण-रोह्याची मुले पनवेलला गाडी बदलून त्या डब्यात चढतात. गावात वर्षानुवर्षे एकटा असलेला मुलगा तिथे पहिल्यांदा पोट भरून बोलतो. तालुक्याला असा एक डबा हवा, आणि तो आपल्याला विहारात, ग्रंथालयात, शाळेच्या रिकाम्या वर्गात काढता येतो.

कार्यकर्त्यांसाठी आता कायद्याचे थोडे. एका पोलीस ठाण्यात मारहाण झालेल्या आपल्या बहिऱ्या तरुणाला घेऊन आम्ही गेलो, तेव्हा ‘मुका आहे, जबाब कसला घ्यायचा’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर बेकायदेशीर आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याचे ११९ वे कलम खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानत असे. २०१३ च्या दुरुस्तीने दुभाषा आणि चित्रीकरण आले. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते १२५ वे कलम आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात अपंग स्त्रीची फिर्याद तिच्या घरी किंवा तिला सोयीच्या जागी, दुभाषा वा विशेष शिक्षकासमोर, चित्रीकरण करून घ्यावी लागते. २०१६ चा अपंगांच्या हक्कांचा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. त्याचे ९२ वे कलम आपल्या लोकांनी मुद्दाम वाचावे. लोकांच्या नजरेसमोर, मानहानी करण्याच्या हेतूने अपंग व्यक्तीचा अपमान करणे हा गुन्हा. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षे. शब्द ओळखीचे वाटतात ना? १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातील अपमानाच्या कलमाचीच ही वाक्यरचना आहे आणि शिक्षाही तीच. आपल्या लढ्याने घडवलेली कायद्याची भाषा दुसऱ्या एका दुबळ्या समूहाच्या कामी आली.

पण दोन्ही कायदे एकाच माणसावर लागू होतात तेव्हा काय? २७ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पटन जमाल वली खटल्याचा निकाल दिला. आंध्रातील अनुसूचित जातीच्या एका अंध स्त्रीवरील बलात्काराचे ते प्रकरण होते. जात, बाईपण आणि अपंगत्व हे अत्याचार वेगवेगळे मोजता येत नाहीत, ते एकमेकांत गुंतून येतात, असे न्यायालयाने सविस्तर मांडले. जन्मठेप कायम राहिली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखालील शिक्षा मात्र पुराव्याअभावी टिकली नाही. विचार मान्य, पुरावा अपुरा. हे वाचून वकिलांना दोष देण्यापेक्षा पहिल्या जबाबाच्या वेळी योग्य दुभाषा आणि योग्य प्रश्न असतील, याची काळजी कार्यकर्त्याने घेतलेली बरी.

दुभाषे फार थोडे आहेत. मुंबईत वांद्र्याला १९८३ साली सुरू झालेल्या अली यावर जंग संस्थेत सांकेतिक भाषेचे प्रशिक्षण मिळते. दिल्लीला २०१५ साली केंद्राने सांकेतिक भाषेचे संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र काढले. त्याच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, २०२१ पर्यंत ते १०,००० झाले, आणि त्यांची चित्रफीत मोबाईलवर फुकट पाहता येते. २०२३ च्या सप्टेंबरात सारा सनी या बहिऱ्या वकील महिलेने दुभाष्याच्या मदतीने सर्वोच्च न्यायालयात काम पाहिले. त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेने आपल्या सांकेतिक भाषेला राजभाषेचा दर्जा दिला. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातील २२ भाषांत हातांची भाषा एकही नाही.

मात्र हे सगळे होईपर्यंत रोजच्या वागण्यात बदल करायला कुणाची परवानगी लागत नाही. बहिऱ्या माणसापुढे ओरडू नये. त्याचा उपयोग नसतो आणि चेहरा रागीट दिसतो. तोंडावर उजेड असेल असे उभे राहावे. लक्ष वेधायचे तर खांद्याला हळूच हात लावावा, लांब असेल तर हात हलवावा किंवा दिवा लावून-मालवून दाखवावा. पाठीमागून ढकलू नये. दुभाषा बरोबर असला तरी बोलायचे माणसाशी, नजर त्याच्याकडे. दोन बहिरी माणसे बोलत असताना त्यांच्या हातांची नक्कल करून हसणाऱ्या पोरांना तिथल्या तिथे थांबवावे. आणि ‘लिहून दे’ म्हणण्याआधी लक्षात घ्यावे की मराठी ही त्याची दुसरी भाषा आहे, तीही कानाने न आलेली.

१४ एप्रिलच्या कार्यक्रमात भाषणाचे सांकेतिक रूपांतर करायचे ठरवले तर व्यासपीठाच्या एका कडेला, वक्त्याच्या जवळ, दुभाष्याला उभे करावे आणि त्याच्या हातांवर स्वतंत्र दिवा सोडावा. मागे फुलाफुलांचा पडदा नको, साधा गडद कपडा हवा. बहिऱ्यांना पहिल्या रांगेत बसवावे, मान म्हणून नव्हे, दिसावे म्हणून. भाषा शिकण्याचा वर्ग काढाल तर शिकवणारा बहिराच असावा, आणि त्याला गाडीभाडे व दिवसाची मजुरी वर्ग सुरू होण्याआधी हातात द्यावी, कारण त्या दिवशी कारखान्यात त्याचा खाडा पडतो.